उल्हासनगर कॅम्प ५ : घाटमाथ्याच्या पाण्यावरची वस्ती

उल्हासनगर कॅम्प ५ : ठाणे जिल्ह्यातील उल्हासनगर शहराचा अंबरनाथला लागून असलेला विभाग. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ उभारलेल्या लष्करी बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना वसवण्यात आले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी नगराची कोनशिला बसवली. शहराला उल्हास नदीचे नाव मिळाले. छावण्यांचे क्रमांक पत्त्यांत तसेच राहिले.

नाव नदीचे असले, तरी महापालिकेचा स्वतःचा पाणीस्रोत नाही. ती एमआयडीसीकडून पाणी विकत घेते.

सह्याद्रीत राजमाचीच्या परिसरात उगम पावणारी उल्हास कर्जत, नेरळ, बदलापूरवरून कल्याणकडे येते. उन्हाळ्यातही तिला धार असते, ती मावळामुळे. तेथील आंध्रा नदी मुळात इंद्रायणीची उपनदी. तिचे पाणी भीमेतून कृष्णेला आणि पुढे बंगालच्या उपसागराला जायचे. टाटांनी ठोकरवाडीला धरण बांधून ते बोगद्यातून पश्चिमेकडे वळवले. १९२२ पासून हे पाणी पाचशे मीटरहून अधिक खाली उतरून भिवपुरीची जनित्रे फिरवते आणि उल्हासेला मिळते.

वाटेकरी पुष्कळ. बदलापूरच्या बंधाऱ्यावर महाराष्ट्र जीवन प्राधिकरण अंबरनाथ-बदलापूरसाठी पाणी उचलते. बारवी धरणातून सोडलेले पाणी नदीला मिळाल्यावर जांभूळला एमआयडीसी, मोहिलीला कल्याण-डोंबिवली आणि शहाडला ठाणे, भिवंडी, मीरा-भाईंदरसाठी स्टेम ही पाणीपुरवठा संस्था उपसा करते. त्यामुळे साठा घटला की पाणीकपात या सर्व शहरांत लागू होते.

कॅम्पाच्या परिसरातून वाहणारी वालधुनी या हिशेबात नाही. अंबरनाथच्या इ. स. १०६० मधील शिलाहारकालीन शिवमंदिराजवळून येणाऱ्या या नदीत कारखान्यांचे आणि कॅम्प ५ मधील जीन्स धुलाई-रंगाईचे सांडपाणी मिसळत राहिले. प्रकरण हरित न्यायाधिकरणात गेले. नोव्हेंबर २०१४ मध्ये टँकरमधून पात्रात ओतलेल्या रसायनाच्या वायूने अनेक रहिवाशांना रुग्णालयात जावे लागले.

घाटावरच्या पाण्यावर हक्क कोणाचा, हा वाद चालूच आहे. कृष्णा पाणीतंटा लवादाने (बच्छावत) भीमा खोऱ्यातून टाटांच्या प्रकल्पांसाठी वर्षाला कमाल ५४.५ टीएमसी आणि सलग पाच वर्षांत २१२ टीएमसी एवढीच मुभा दिली. हे पाणी पुन्हा पूर्वेकडे, दुष्काळी भागासाठी सोडावे अशी मागणी होत असते. तसे झाल्यास भिवपुरीची वीज घटेलच, शिवाय उल्हासेवरच्या या सर्व शहरांना उन्हाळ्यासाठी दुसरा साठा शोधावा लागेल.