मूळ सायकल कोणती?

वाङ्मयेतिहास शिकवताना ‘मूळ पाठ’ हा शब्द आम्ही फार सहज वापरतो. तो किती अवघड आहे याची जाणीव आम्हांला एका अनपेक्षित ठिकाणी झाली : हाताने घडवलेल्या शर्यतीच्या सायकलींच्या इतिहासात.

विसाव्या शतकाच्या मध्यास फालिएरो मासी यांची कार्यशाळा मिलानच्या विगोरेल्ली या सायकल-शर्यतींच्या मैदानात होती. तेथे काय किंवा इंग्लंडमधील लहान कारागिरांकडे काय, रीत सारखीच. स्वाराच्या मापाने पोलादी नळ्या कापायच्या, त्यांचे सांधे झाळायचे. १९३५ मध्ये आलेली रेनॉल्ड्स ५३१ ही नळी त्यासाठी विख्यात होती. कारागीर घडवी ती चौकट आणि बहुधा पुढचा चिमटा. गिअर, ब्रेक, पेडल, हब हे सारे इतरांचे. म्हणजे ही सायकल जन्मतःच अनेककर्तृक.

इतरांचे हे भाग बदलत गेले. टूर द फ्रान्समध्ये स्पर्धकांना डिरेलर गिअरची मुभा १९३७ मध्ये मिळाली. १९८४ मध्ये शिमानोने एकेका खटक्यासरशी नेमका बसणारा गिअर ड्युरा-एस मालिकेत आणला. १९८५ ची टूर बर्नार इनो यांनी बुटाला पकडून ठेवणारे पेडल वापरून जिंकली. १९९० मध्ये गिअरची कळ ब्रेकच्या दांडीत आली. मागच्या चाकावरील दातेरी चकत्याही वाढल्या. पाच चकत्यांच्या काळात मागचे चाक बसते तेथील रुंदी सामान्यतः १२० मिलिमीटर असे. सहा-सातांना ती १२६ झाली, आठांना १३०. येथे पोलादाचा गुण कामी आला. जाणकार हाताने फाकवलेली पोलादी चौकट मोडत नाही, नव्या मापावर स्थिर राहते. कार्बनची चौकट हे सोसत नाही. म्हणून १९६० च्या सांगाड्याला १९९० चे गिअर पेलता आले.

पुढे उलटा प्रवाह सुरू झाला. १९९७ पासून टस्कनीतील गायोले येथे ‘लेरोइका’ ही जुन्या सायकलींची फेरी भरते. १९८७ पर्यंतच्या धाटणीची सायकल, गिअरच्या कळा चौकटीच्या खालच्या नळीवर, ब्रेकच्या तारा हँडलबाहेर, असे तिचे दंडक. अशा ठिकाणी मिरवायची म्हणून कित्येक मालक नंतरचे भाग उतरवून जुने शोधू लागले. संपादकाने क्षेपके गाळावीत, तसेच हे.

या संशोधनाविषयी आम्हांला आदर आहे. त्यामुळे जुने भाग जपले गेले. परंतु चढणीवर गुडघे थकू लागले म्हणून स्वाराने पन्नाशीत बसवलेला हलका गिअर, हे क्षेपक म्हणावे काय? कारागिराने चौकट एका विशिष्ट देहासाठी मापली होती. तो देह वयाने बदलला आणि सायकल त्याच्यासोबत बदलली. तो गिअर काढून टाकला की सायकल १९६० ची दिसते, पण ती चालवणाऱ्याची पुढची तीस वर्षे पुसली जातात. चांगला संपादक गाळलेला पाठभेद तळटीपेत तरी ठेवतो. उतरवलेले भागही चौकटीच्या क्रमांकाची चिठ्ठी लावून जपून ठेवावेत, एवढीच आमची अपेक्षा आहे.