पिस्तूल उघडायचे कुणी?

1949 साली अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यातून, साउथपोर्ट नावाच्या गावातून, .22 बोअरचे एक पिस्तूल बाजारात आले. बनवणारे दोघे होते, बिल रूगर आणि अलेक्झांडर स्टर्म. किंमत साडेसदतीस डॉलर. नेम चांगला, बांधा मजबूत, दिसायला जर्मन लूगरसारखे. गिऱ्हाईक खूश होते. त्यांची एक तक्रार मात्र पुढची 67 वर्षे टिकली: हे पिस्तूल उघडत नाही, आणि उघडलेच तर पुन्हा जुळत नाही.

दोष कामचुकारपणाचा नव्हता. मुठीच्या मागच्या बाजूला एक छोटी दांडी दडवलेली असे. ती नखाने सहसा निघत नसे. पेपर क्लिप किंवा स्क्रू ड्रायव्हर घालून बाहेर खेचावी लागे. तिच्याबरोबर स्प्रिंगचे घर खाली झुके आणि त्याच्या टोकाला जडवलेली उभी पिन बोल्टमधून खाली उतरे, म्हणजे उतरायला हवी. कोऱ्या पिस्तुलात ती इतकी घट्ट असे की जागची हलत नसे. मग नळीचा भाग मुठीपासून सुटा करायला प्लास्टिकच्या हातोडीचे ठोके. जोडताना तर आणखी मजा. घोड्याला लोंबणारी लहानशी काडी स्प्रिंगच्या नेमक्या खोबणीत पडावी म्हणून पिस्तूल कधी आडवे, कधी उलटे धरायचे. काडी चुकली की बोल्ट मागे येत नाही आणि सगळे पहिल्यापासून. हौशी मालकाने सुटे भाग पिशवीत भरून बंदूक दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानात नेऊन ओतावेत, हे त्या धंद्यातले नेहमीचे दृश्य.

मोगरी शोधायला लावणाऱ्या या पिनेमागे एक जुना प्रश्न आहे: हत्यार उघडायचा अधिकार कुणाला? कारागिराला, शिपायाला की विकत घेणाऱ्याला? पिन किती घट्ट बसवायची याचे उत्तर प्रत्येक काळाने या प्रश्नाकडे पाहूनच दिले आहे.

अठराव्या शतकात ब्रिटिश पायदळाच्या हातात असलेल्या ‘ब्राउन बेस’ बंदुकीत उत्तर अगदी स्पष्ट होते. नळीच्या पोटाला लहान कान डाकलेले असत आणि दस्त्याच्या लाकडातून आडव्या पिना त्या कानांतून आरपार जात. बाहेरून फक्त ठिपके दिसत. पिन वरचेवर काढली की लाकडातले भोक सैल होई, कडेचे टवके उडत. त्यामुळे नळी उतरवणे हे शिपायाचे काम नव्हते. ते पलटणीतल्या हत्यारे दुरुस्त करणाऱ्या आर्मोररचे. शिपायाने बाहेरून घासावे, आतले आर्मोरर बघेल. घोडेस्वारांच्या आणि आरमाराच्या गारेच्या पिस्तुलांतही पुष्कळदा हीच पद्धत होती. फ्रेंचांची 1717 ची बंदूकही मुख्यतः पिनांवर उभी होती, पण 1728 च्या नमुन्यात त्यांनी नळी आणि दस्ता यांच्याभोवती धातूचे पट्टे चढवले. पट्टा सरकवला की नळी मोकळी. इंग्रजांना हे दिसत होते, तरी त्यांची ब्राउन बेस बहुतांशी पिनांचीच राहिली.

ईस्ट इंडिया कंपनीसाठी घडवलेला 39 इंची नळीचा ‘इंडिया पॅटर्न’ 1797 पासून ब्रिटिश सैन्यानेही उचलला, तोही पिनांचाच. त्याच सुमारास दख्खनेत वापरात असलेल्या तोड्याच्या बंदुकांत पिनांचे नावच नव्हते. नळी दस्त्याला चामड्याच्या वाद्यांनी, तारेने किंवा पितळी पट्ट्यांनी बांधलेली असे. इंग्रजी पुस्तकांत या बांधणीकडे मागासलेपणाची खूण म्हणून पाहण्याची रीत आहे. पण वादी तुटली तर ती कोणत्याही गावात, कोणत्याही हाताने पुन्हा बांधता येते. वाकलेली पिन भरल्या लाकडातून काढायला आर्मोररच लागतो, आणि मोहिमेवर तो नेमका मागच्या मुक्कामावर असायचा.

पिस्तुलाच्या बाबतीत मालकाच्या हातात किल्ली देण्याचा पहिला मोठा प्रयोग सॅम्युअल कोल्टचा. 1836 साली त्याने फिरत्या चक्रीच्या पिस्तुलाचे अमेरिकी पेटंट घेतले. त्याच्या रिव्हॉल्व्हरमध्ये नळी जागच्या जागी धरून ठेवायला पिनेऐवजी पाचर होती: आडवी ठोकायची, आडवीच काढायची. कल्पना अशी की अंगठ्याच्या जोरावर पाचर निघावी, नळी पुढे सरकावी आणि चक्री हातात यावी. कागदावर ठीक. काळ्या दारूची काजळी मात्र पाणी शोषून घेते आणि दोन दिवसांत पोलादाला गंज आणते. अडकलेली पाचर मग चाकूच्या मुठीने, दगडाने, जे मिळेल त्याने ठोकली जाई. परत बसवताना ती गरजेपेक्षा आत गेली की नळी मागे ओढली जाऊन चक्री फिरायची थांबे. कमी गेली की नळी डुगडुगे. किती ठोकायचे हे मालकाने हातानेच शिकायचे. 1873 च्या कोल्टमध्ये पाचर गेली, चक्रीच्या मधोमध एक लांब पिन आली आणि तिला धरायला स्क्रू. पुढे स्क्रूच्या जागी स्प्रिंगची कळ आली आणि स्क्रू ड्रायव्हरचीही गरज संपली.

जर्मनीत माउझर कारखान्यातल्या फीडर्ले बंधूंनी दुसरे टोक गाठले. त्यांच्या 1896 च्या पिस्तुलात मुठीच्या लाकडी पट्ट्यांचा स्क्रू सोडला तर आत पिन नाही, स्क्रू नाही. भाग एकमेकांत अडकवून सगळे यंत्र उभे. 1898 साली सुदानातल्या ओम्दुर्मानच्या लढाईत तरुण विन्स्टन चर्चिलजवळ हेच होते. बुद्धी वापरलेली दिसते, पण पोलाद कोरण्याचा खर्चही दिसतो.

खरा तोल साधला जॉन ब्राउनिंगने. त्याचे .45 चे पिस्तूल अमेरिकी सैन्याने 29 मार्च 1911 रोजी स्वीकारले. त्याआधीच्या चाचणीत 6000 गोळ्या झाडल्या गेल्या; नळी तापली की पिस्तूल पाण्यात बुचकळून पुन्हा सुरुवात, आणि तरी ते एकदाही अडले नाही. ही गोष्ट सगळे सांगतात. कमी सांगितली जाणारी गोष्ट अशी की हे पिस्तूल उघडायला पिस्तूलच पुरते. आतली फायरिंग पिन बाहेर काढायची आणि तिच्याच टोकाने घोड्याची आणि चापाच्या यंत्रणेची लहान पिन ढकलायची. हत्यारांची पेटी नाही, आर्मोरर नाही. घोंगडी पसरून बसलेला शिपाई पुरे.

तरी नवशिक्याला तिथेही एक पिन छळते. मुठीच्या तळाशी, मागच्या बाजूला, मेनस्प्रिंगचे घर धरून ठेवणारी आडवी पिन. तिला आतून त्याच मेनस्प्रिंगचा दाब असतो. घोडा चढवलेला असेल तर स्प्रिंग आणखी आवळलेली, पिन आणखी जखडलेली. म्हणून रिकामे केलेले पिस्तूल उघडताना घोडा आधी हळूच उतरवायचा. पिनेचे एक टोक किंचित खोलगट ठेवले आहे, पंचाचे टोक घसरू नये म्हणून. ठोका खोलगट टोकावर, पिन दुसऱ्या बाजूने बाहेर. ब्राउनिंगने सूचना पोलादातच घडवली होती. ज्यांनी ती पाहिली नाही त्यांच्या पिस्तुलांवर अजून खरवड दिसते. अशीच एक चुकार रेघ स्लाइड थांबवणारी कळ परत बसवताना डाव्या अंगावर उमटते. अमेरिकी संग्राहक तिला मूर्खाची रेघ म्हणतात आणि किंमत पाडतात.

दुसऱ्या महायुद्धात हे पिस्तूल टाइपरायटर बनवणाऱ्या रेमिंग्टन रँडने केले, रेल्वे सिग्नलवाल्यांनी केले, शिवणयंत्रांच्या सिंगर कंपनीनेही 500 नग केले. एका कारखान्याची पिन दुसऱ्याच्या पिस्तुलात बसलीच पाहिजे, हा करार होता. म्हणजे पिन आता कारागिराच्या कानशीने नव्हे, गेजने ठरत होती. सुतासारखी सरळ निघणार की ठोकावी लागणार, हे कारखान्यातच पक्के. ब्राउनिंगच्या घराण्यातले हाय-पॉवर पिस्तूल पुढे पश्चिम बंगालमधल्या इशापूरच्या रायफल फॅक्टरीत बनू लागले आणि भारतीय सैन्यापर्यंत पोहोचले.

युद्धानंतर पिनेची जातच बदलली. भरीव पिनेला अचूक भोक लागते आणि अचूक भोक महाग. पत्र्याची चिरलेली पोकळ नळी मात्र थोड्या ढिल्या भोकातही स्वतःच्या ताणाने घट्ट बसते. स्विस सैन्याने 1975 मध्ये घेतलेल्या सिगच्या पिस्तुलात पत्र्याची दाबून घडवलेली स्लाइड आणि तिच्यात वेगळा ठोकळा होता. तो अशाच गुंडाळलेल्या पिनांनी धरलेला. अशा पिनेला सपाट पंच लावला की कडा पसरतात आणि पिन आणखीच रुतते. मधोमध बारीक बोंड असलेला पंच हवा. दाते पाडलेल्या पिनांचा नियम वेगळा: दात्यांचे टोक आधी बाहेर पडेल अशा दिशेने ठोकायचे, नाहीतर ते सबंध भोक खरवडत जातात. पहिल्यांदा पिस्तूल उघडणारे नेमके उलट्या दिशेने ठोकत बसतात आणि जोर कमी पडतोय असे समजून हातोडी मोठी घेतात.

1982 साली ऑस्ट्रियाच्या सैन्याने गास्तोन ग्लॉकचे प्लास्टिकच्या सांगाड्याचे पिस्तूल घेतले. गडी पिस्तुलांच्या धंद्यातला नव्हता, आणि कदाचित म्हणूनच त्याने जुन्या सवयी पाळल्या नाहीत. सबंध पिस्तूल 3/32 इंचाच्या एकाच पंचाने सुटते. मागची पिन तर प्लास्टिकचीच. तरी चापाच्या पिनेने पहिल्या वेळी पुष्कळांना घाम फोडला आहे, कारण तिच्यावरच्या खाचेत स्लाइड थांबवणाऱ्या कळीचा पाय अडकलेला असतो. कळ पुढेमागे हलवत ढकलले की पिन अंगठ्याने निघते. ठोकले तर निघत नाही.

इकडे साउथपोर्टला रूगरचा भागीदार स्टर्म 1951 मध्येच वारला. त्याच्या स्मरणार्थ पिस्तुलावरच्या गरुडाच्या बिल्ल्याचा लाल रंग काळा केला गेला. पिन मात्र होती तशीच राहिली. 1982 च्या दुसऱ्या आवृत्तीतही ती होती. तिसऱ्या आवृत्तीत तर मॅगझिन काढल्यावर गोळी सुटू नये अशी सोय घातल्यामुळे उघडजोड आणखी किचकट झाली. कंपनीला याची जाणीव नव्हती असे नाही. पिस्तूल खपत होते, आणि खपणाऱ्या मालाचे पोट फाडायला कारखानदार सहसा तयार नसतो.

अखेर 2016 मध्ये चौथी आवृत्ती आली. सांगाड्याच्या मागच्या टोकाला एक बटण. दाबले की नळीचा भाग बिजागरीवर उचलला जातो. हातोडी नाही, पेपर क्लिप नाही. पुढच्याच वर्षी, जून 2017 मध्ये, कंपनीला ही पिस्तुले परत मागवावी लागली: सुरक्षेची कळ अर्धवट ठेवून चाप ओढला तर नंतर कळ सरकवताना गोळी सुटण्याचा धोका सापडला होता. भाग बदलून दिले गेले. बटणाविरुद्ध मात्र कुणाची तक्रार नव्हती.