देवाशिवायची नीती : आगरकरांचा हिशेब

देव मानत नाही असे कोणी म्हटले की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो. मग वाईट वागायला तुम्हाला अडवतो कोण? देवळाच्या अग्रशाळेत, लग्नाच्या पंगतीत, वाचनालयाच्या पायरीवर हा प्रश्न मी अनेकदा ऐकला आहे. विचारणारा नेहमीच भांडखोर असतो असे नाही. पुष्कळदा त्याला खरोखर काळजी वाटत असते. पाप-पुण्याचा धाक गेला तर माणूस शेजाऱ्याची मेर सरकवणार नाही कशावरून?

मराठीत या प्रश्नाला समोरासमोर उत्तर देण्याची हिंमत ज्या मोजक्या लोकांनी केली, त्यांत गोपाळ गणेश आगरकरांचे नाव अगदी वरचे आहे. आगरकर म्हटले की आपल्याला शाळेच्या पुस्तकातला 'समाजसुधारक' आठवतो आणि टिळकांशी झालेले भांडण आठवते. "आधी राजकीय की आधी सामाजिक" एवढ्या एका ओळीत आपण त्यांना गुंडाळून ठेवले आहे. पण त्यांचे खरे काम त्याहून कठीण होते. धर्माचा आधार काढून घेतल्यावर चांगले वागणे कशावर उभे करायचे, हे ते शोधत होते.

माणूस कुठून आला ते आधी पाहू. जन्म १८५६ चा, कऱ्हाडजवळच्या टेंभू गावातला. घरात दारिद्र्य. शिक्षणासाठी कऱ्हाड, रत्नागिरी, अकोला अशी वणवण करून ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पोचले. तिथे अंगात एकच सदरा, तो रात्री धुवायचा आणि सकाळी घालायचा, ही गोष्ट अनेकांनी सांगितली आहे. एम. ए. होत आले तेव्हा आईला पत्र लिहून त्यांनी कळवले की मुलगा मोठ्या पगाराची नोकरी करील ही आशा सोडून दे, मी पोटापुरते मिळवून बाकीचा वेळ लोकांच्या कामी लावणार आहे. आयुष्यभर कष्ट काढलेल्या आईला हे लिहिणे सोपे नव्हते. पुढे न्यू इंग्लिश स्कूल, १८८१ पासून 'केसरी'चे संपादन, १८८२ मध्ये कोल्हापूर प्रकरणात टिळकांबरोबर डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस, १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज. १८८७ मध्ये 'केसरी' सुटला आणि १८८८ मध्ये 'सुधारक' निघाला. त्याची इंग्रजी बाजू सांभाळायला तरुण गोपाळ कृष्ण गोखले होते.

त्या काळात सुधारणावादी बरेच होते, पण बहुतेकांच्या मागे देव उभा होता. १८६७ मध्ये निघालेल्या प्रार्थना समाजातले रानडे आणि भांडारकर मूर्ती मानत नसतील, ईश्वर मानत होते. जोतीराव फुल्यांनी भटशाही झुगारली, तरी सर्वांना निर्माण करणारा 'निर्मिक' त्यांनी ठेवला. त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'सार्वजनिक सत्यधर्म' पुस्तकात सत्यवर्तनाचे नियम आहेत, पण त्यांचा शेवटचा आधार निर्मिकच आहे. आगरकर अज्ञेयवादी. मिल आणि स्पेन्सर वाचून ते या वळणावर आले होते. 'देवतोत्पत्ति' या लेखात त्यांनी देव कसे जन्माला आले असावेत याची फोड केली आहे. भीती, स्वप्ने, मेलेल्यांच्या आठवणी यांतून माणसाने देवता घडवल्या, हा स्पेन्सरचा विचार त्यांनी मराठीत आणला. मराठी वाचकाला हे १८८०-९० च्या काळात कसे वाटले असेल याची कल्पना करा. पुण्याच्या लोकांनी आगरकरांच्या डोळ्यांदेखत त्यांची प्रेतयात्रा काढली!

आता मूळ प्रश्न. देव नाही तर कसोटी कोणती? आगरकरांनी दहा आज्ञा लिहिल्या नाहीत आणि स्मृतिग्रंथही रचला नाही. त्यांच्याजवळ हिशेब होता. एखाद्या रूढीने माणसांचे सुख वाढते की दुःख वाढते, आणि दुःख वाढत असेल तर ते कोणाच्या वाट्याला येते? निसर्गाने काही माणसे सबळ आणि काही दुर्बळ केली, तिथे फारसा इलाज नाही. पण जात, सोवळे, केशवपन यांनी माणसानेच माणसांवर लादलेली विषमता शक्य तितकी कमी करायची, आणि सुख शक्य तितक्या जणांना सारखे मिळेल असे बघायचे. यात स्वर्गाचा मोह नाही, नरकाची भीती नाही. वरवर हे कोरडे वाटते. पण हा हिशेब एकदा खरोखर मांडायला बसलात की कोरडा राहत नाही.

संमतिवयाचे प्रकरण घ्या. दहा-अकरा वर्षांची फुलमणी नवऱ्याच्या बळजबरीने मरण पावली आणि १८९० मध्ये कलकत्त्यात तो खटला गाजला. मुलीचे संमतिवय दहावरून बारावर नेणारे बिल आले. पुण्यात रणकंदन माजले. परक्या सरकारने आमच्या घरात हात घालू नये, हा टिळकांचा पक्ष. भांडारकर बिलाच्या बाजूचे, पण त्यांनी शास्त्रवचने तपासून दाखवले की शास्त्राला हे मान्य आहे. भांडारकरांची विद्वत्ता थोरच होती, आणि बिल पुढे जायला तिचा उपयोगही झाला. पण जरा थांबून विचारू या. शास्त्रात उलट वचन सापडले असते तर? मग दहा वर्षांच्या मुलीने मरायचे? आगरकरांना हा अडथळाच नव्हता. मुलीला यातना होतात, तिचा जीव जातो, एवढे कारण त्यांना पुरे होते. १८९१ मध्ये कायदा झाला. देव न मानणाऱ्याची नीती ढिली असते असे म्हणणाऱ्यांनी या वादात ढिलाई कोणत्या बाजूला होती ते स्वतःच पाहावे.

हीच रीत त्यांनी लहानसहान गोष्टींनाही लावली. स्त्रियांनी जाकिटे घातली पाहिजेत, मुलामुलींना एकच शिक्षण एकत्र दिले पाहिजे, असे ते लिहीत. विषय जाकिटाचा असो की शाळेचा, प्रश्न एकच, याने कोणाचे भले होते?

त्यांची मर्यादाही आहे, आणि मला ती मोठी वाटते. त्यांचा वाचक शिकलेला, मुख्यतः ब्राह्मण. बुद्धीला पटले की माणूस बदलेल असा त्यांचा विश्वास होता, आणि पटूनही माणसे बदलत नाहीत हे आपण रोज पाहतो. फुल्यांचे शब्द शेतकऱ्याच्या बांधापर्यंत गेले, 'सुधारक' तिथवर गेला नाही. शिवाय दुःखाच्या घडीला माणसाला नुसता युक्तिवाद पुरत नाही.

वडील गेले तेव्हा मी बारावे-तेरावे केले नाही. तेवढे पैसे गावातल्या शाळेच्या वाचनालयाला दिले. काका म्हणाले, "बापासाठी काहीच करणार नाहीस?" ते रागावले नव्हते. मला बोचला तो 'काहीच' हा शब्द. आगरकरांचा 'शहाण्यांचा मूर्खपणा अथवा आमचे प्रेतसंस्कार' हा लेख मी वाचलेला होता, पण काकांसमोर त्यातला एकही मुद्दा काढावासा वाटला नाही. त्याऐवजी चुलतभावंडांना बोलावले, आणि सगळ्यांनी मिळून वडिलांच्या आठवणी सांगत रात्र काढली. काका सर्वांत जास्त बोलले.

आपण गोमंतकीय या बाबतीत एका परीने सवयीचे आहोत. मांडव पडण्याआधी आपल्याकडची जोडपी सिव्हिल रजिस्ट्रारच्या कचेरीत जाऊन सह्या करतात. १९१० मध्ये पोर्तुगालात प्रजासत्ताक आले आणि त्याच वर्षीच्या कायद्याने लग्न हा दोन माणसांमधला नागरी करार ठरला. त्या सहीला साक्षीदार लागतात, अग्नी लागत नाही. पण ते आपण 'कागदपत्र' समजतो आणि खरे लग्न भटजींचे मानतो. दिलेला शब्द पाळायला देवाची साक्ष हवीच असे नाही, ही गोष्ट शंभर वर्षे कचेरीत घडते आहे, आपले लक्ष नाही इतकेच.

आणखी एक धागा आपल्या मातीतला. आगरकर १८९२ पासून ज्या फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य होते, तिथेच १९१२ ते १९१८ या काळात सांखवाळचे धर्मानंद कोसंबी पाली शिकवत होते. ईश्वराला मध्ये न आणता शीलावर उभा राहणारा मार्ग त्यांना बुद्धात सापडला. पुढे त्यांचे चिरंजीव दामोदर तिथेच गणित शिकवायला आले. ते मार्क्सच्या वाटेने गेले. आगरकरांनी विचारलेल्या प्रश्नाला गोव्याच्या एकाच घरातून दोन वेगळी उत्तरे आली, आणि दोन्ही वेळा शिकवण्याची जागा तीच होती. धर्मानंदांवर कधीतरी स्वतंत्रपणे लिहीन.

आगरकरांना दमा होता. १७ जून १८९५ रोजी ते गेले तेव्हा वयाची एकोणचाळीस वर्षेही पुरी झाली नव्हती. त्यांच्या मागे उशाशी एक पुरचुंडी सापडली. तीत थोडे रुपये होते आणि ते आपल्या प्रेतदहनासाठी आहेत असे लिहून ठेवलेले होते. पिंड, दक्षिणा, कावळा यांची तजवीज नव्हती. आपल्या लाकडांचा खर्च यशोदाबाईंवर किंवा मित्रांवर पडू नये, एवढी तजवीज होती.