संगणकाचा पूर्वज माग

इंटरनेट हा संगणकयुगातला शेवटचा मोठा बदल आहे काय, असा प्रश्न अधूनमधून विचारला जातो. भिवंडीकराने त्याचे उत्तर ग्रंथांत न शोधता मागाकडे पाहून द्यावे. कारण संगणकाच्या पूर्वजांत एक मागही आहे.

1804 च्या सुमारास फ्रान्समधील लियाँ शहरात जोसेफ मारी जॅकार याने छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांवरून नक्षी विणणारा माग सिद्ध केला. छिद्र असेल तिथे ताण्याचा धागा उचलला जाई, नसेल तिथे तो खालीच राही. ‘आहे’ आणि ‘नाही’, एवढ्यातच सारी नक्षी! चार्ल्स बॅबेजने आपल्या गणनयंत्राच्या आराखड्यात ही कार्डे घेतली. 1890 ची अमेरिकन जनगणना हर्मन हॉलरिथने छिद्रित कार्डांवर मोजली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 1960 मध्ये ‘टिफ्रॅक’ संगणक सुरू झाला आणि 15 ऑगस्ट 1995 ला आपल्या देशात इंटरनेट सर्वसामान्यांसाठी खुले झाले.

यातला प्रत्येक टप्पा त्या त्या वेळी अखेरचाच वाटला असेल. पण इंटरनेटनंतर खिशातला फोन आला, 2022 च्या अखेरीस माणसासारखे लिहिणारे यंत्रही आले. इंटरनेट हा मुक्काम नव्हे, रस्ता आहे. त्या रस्त्याने काय येते हे भिवंडीने पाहिले आहे. यंत्रमागांच्या या गावाभोवती आज मोठमोठी गोदामे उभी आहेत आणि देशाच्या दुसऱ्या टोकाला बसून मागवलेला माल तिथून निघतो.

म्हणून ‘शेवटचा बदल कोणता’ यापेक्षा ‘पुठ्ठ्याला छिद्रे कोण पाडणार’ हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. जॅकारचा माग आल्यावर धागे ओढणाऱ्या मदतनिसांचे काम गेले. नक्षी ठरवणारा मात्र टिकला. उत्तर हिंदुस्थानातून आलेल्या मोमीन-अन्सारी विणकरांनी इथे पिढ्यान् पिढ्या माग चालवले. पण कापडाचा भाव बहुधा बाजारच ठरवत आला. गोदामातल्या पोरालाही कोणते खोके उचलायचे हे हातातले यंत्रच सांगते.

पुढचा बदल येणारच. तो आपल्या मुलांच्या हाती नुसता धोटा देतो की पुठ्ठाही देतो, हे शाळेच्या बाकावर ठरेल. त्यासाठी गणित आणि भाषा, दोन्ही पक्क्या हव्यात. मागाची खडखड ऐकत वाढलेल्या मुलाला ‘आहे’ आणि ‘नाही’ची ही भाषा परकी का वाटावी?