ब्रेकच्या अस्तराची कथा

वाहन थांबवणे म्हणजे त्याच्या गतिज ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर करणे होय. स्वारासह २०० किलोग्रॅम वस्तुमानाची मोटारसायकल ताशी ६० किलोमीटर वेगाने जात असेल, तर तिची गतिज ऊर्जा सुमारे २८,००० ज्यूल असते. ब्रेक दाबला की यातील बरीचशी ऊर्जा काही सेकंदांत उष्णता बनून ब्रेकमध्ये प्रकटते. ही उष्णता कोणता पदार्थ सोसेल, हा प्रश्न शंभराहून अधिक वर्षे जुना आहे.

१८८८ साली बर्था बेंझ या जर्मन महिलेने मानहाइम ते फोर्झहाइम हा प्रवास मोटारीने केला. वाटेत ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजले, तेव्हा तिने एका चांभाराकडून त्यांवर चामडे ठोकून घेतले. पुढे इंग्लंडमध्ये डर्बीशायरच्या डोंगराळ भागात हर्बर्ट फ्रूड याने गाडीवान ब्रेकला जुन्या जोड्यांचे चामडे लावतात हे पाहिले. त्याने १८९७ साली ब्रेकसाठी खास अस्तर बनवण्याचा उद्योग सुरू केला. स्वतःच्या आडनावातील अक्षरांची फिरवाफिरव करून व त्यांत एकाची भर घालून त्याने ‘फेरोडो’ हे नाव तयार केले. सुती विणीचे अस्तर मात्र तापले की करपे. म्हणून १९०८ च्या सुमारास त्याने ॲस्बेस्टॉस वापरले.

ॲस्बेस्टॉस हे तंतुमय सिलिकेट खनिज. ते जळत नाही, बळकट असते आणि स्वस्तही पडे. परंतु त्याचे सूक्ष्म तंतू श्वासावाटे फुप्फुसात रुतून बसतात. १९२४ साली रॉचडेल येथील ॲस्बेस्टॉस कारखान्यातील कामगार नेली कर्शॉ हिचा मृत्यू झाला, आणि तिच्या फुप्फुसांतील विकृतीची नोंद वैद्यकीय नियतकालिकात झाली. ब्रिटनमध्ये १९३१ साली कारखान्यांतील धुळीविरुद्ध नियम झाले, तरी त्या देशात संपूर्ण बंदी यायला १९९९ साल उजाडले. धोका कळणे आणि पर्याय स्वीकारणे यांत एवढे अंतर पडले!

दरम्यान १९६९ च्या होंडा सीबी ७५० पासून मोटारसायकलींत डिस्क ब्रेकचा प्रसार झाला. पुष्कळ गाड्यांच्या डिस्क स्टेनलेस स्टीलच्या होत्या. पावसात त्यांवर रेझिनयुक्त पॅडची पकड फार कमी होई. त्यावर उपाय म्हणून सिंटर्ड पॅड आले. यात तांब्यासारख्या धातूंची भुकटी दाबून, पूर्ण वितळू न देता, तापवून घट्ट केलेली असते. ओल्या व तापलेल्या स्थितीतही हे पॅड पकड टिकवतात. पण जुन्या ओतीव लोखंडाच्या डिस्कला ते लवकर झिजवू शकतात. शिवाय धातूतून उष्णता ब्रेक ऑइलकडे अधिक वाहते. अशा डिस्कला ॲरॅमिडसारखे तंतू असलेले ‘ऑरगॅनिक’ पॅड सहसा अधिक मानवतात. म्हणून जुन्या गाडीसाठी पॅड निवडताना आधी डिस्कचा धातू पाहावा.

जुन्या ड्रम ब्रेकमध्ये ॲस्बेस्टॉसचे लायनर आजही असू शकते. ड्रम उघडल्यावर आतली काळी धूळ फुंकून किंवा हवेच्या नळीने उडवू नये. ती ओल्या फडक्याने टिपावी आणि ते फडके बंद पिशवीत टाकावे. गॅरेजमध्ये काम शिकणाऱ्या मुलांना शिक्षकांनी हे आवर्जून सांगावे.