कापसाच्या मुलखातली बालवाडी

वर्धा जिल्ह्यातलं पुलगाव वाढलं ते कापसावर. एका अंगाला वर्धा नदी, दुसऱ्या अंगाला मुंबई-नागपूर लोहमार्ग. आर्वीकडचा कापूस इथवर आणायला ब्रिटिश काळात अरुंद रुळांची गाडी सुरू झाली, तिलाच लोक पुढे शकुंतला म्हणू लागले. गावात कापडगिरणीही उभी राहिली. अशा मुलखातल्या शेतकऱ्याच्या पोराला अक्षरांच्या आधी पऱ्हाटी ओळखता येते. वेचणीच्या दिवसांत ते आईच्या मागे धुऱ्यावर असतं, बोंडातली सरकी बोटांनी सोडवत बसतं. या ओळखीला शाळेत जागा देण्याचा विचार याच जिल्ह्यात रुजला, आणि लहान मुलांपर्यंत पोचायला त्याला सात-आठ वर्षं लागली.

22 आणि 23 ऑक्टोबर 1937 रोजी वर्ध्यात शिक्षण परिषद भरली. अध्यक्ष गांधीजी. मातृभाषेतून, हातकामाच्या आधारे सात वर्षांचं मोफत आणि सक्तीचं शिक्षण, असा ठराव झाला. डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीने त्याच डिसेंबरात अहवाल दिला. त्यातलं वेळापत्रक आजही थबकायला लावतं: शाळेचे रोजचे साडेपाच तास, आणि त्यातले तीन तास वीस मिनिटं हस्तव्यवसायाला. पुढच्याच वर्षी हिंदुस्तानी तालीमी संघ स्थापन झाला आणि वर्ध्याजवळच्या सेवाग्रामचं काम ई. डब्ल्यू. आर्यनायकम् व आशादेवी या दांपत्याने अंगावर घेतलं. ते सिलोनचे, त्या बंगाली कुटुंबातल्या. दोघंही शांतिनिकेतनातून आलेले.

पण ही सगळी योजना सात ते चौदा वर्षांच्या मुलांची. त्याआधीच्या वयाचं काय?

1944 मध्ये आगाखान पॅलेसमधून सुटल्यावर गांधीजींनी या नई तालीमचा, म्हणजेच बुनियादी शिक्षणाचा, पसारा जन्मापासून मरणापर्यंत वाढवला. जानेवारी 1945 च्या सेवाग्राम परिषदेनंतर सातच्या आतल्या मुलांसाठी 'पूर्व-बुनियादी' हा टप्पा ठरला. सेवाग्रामात तो प्रत्यक्षात उतरवला शांता नारुळकरांनी.

या शाळेचा पहिला धडा मुलाच्या अंगावरच असे. नखं, दात, केस, डोळे. मग अंगण झाडणं, पाणी भरणं, भाजीच्या वाफ्यात हात घालणं. कापूस होताच. चार वर्षांच्या मुलाकडून सूत निघावं अशी अपेक्षा नव्हती; रुईतला पत्ती-कचरा वेचता वेचता त्याची बोटं तयार होत, नजर तयार होत असे. खेळायला माती, बिया, काड्या. गावात जे आहे ते शाळेत, आणि शाळेत झालेलं पुन्हा घरी, कारण मुलाची नखं कापायची तर आधी त्याच्या आईशी बोलावं लागतं. पूर्व-बुनियादीची खरी करामत इथे आहे असं वाटतं: शिक्षिकेचा अर्धा वर्ग घराघरांतल्या ओट्यांवर भरत होता.

लहानग्यांना सगळ्या वस्तीने मिळून सांभाळायचं, ही रीत जगात इतरत्रही दिसते. सोळाव्या शतकात मध्य युरोपातल्या मोराव्हियात हटराइट या ख्रिस्ती पंथाच्या लोकांची मिळकत सामाईक होती, आणि दूध तुटलेली मुलं दोन वर्षांची होताच 'लहान शाळे'त जात. त्यांची 1578 ची शाळा-नियमावली शाळामातांना बजावते की आजारी मुलाच्या तोंडात घातलेलं बोट न धुता निरोगी मुलाच्या तोंडात घालू नये. जंतूंचं शास्त्र जन्माला यायला तेव्हा तीनशे वर्षं अवकाश होता. हटराइटांच्या कॅनडा-अमेरिकेतल्या वसाहतींत लहान मुलांच्या शाळा आजही चालतात. तिथला आधार धर्माचा, सेवाग्रामचा श्रमाचा. तरी दोन्हीकडची सुरुवात स्वच्छ हातांपासून झाली.

महाराष्ट्रात याच काळात दुसरी धारा वाहत होती. बालशिक्षणाचे प्रयोग करणाऱ्या गिजुभाई बधेकांसोबत भावनगरात काम केलेल्या ताराबाई मोडक 1945 मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला आल्या, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. माँटेसरीची महागडी साधनं खेड्याला परवडणारी नव्हती. त्यांनी शिंपले, खडे, पानं घेतली, आणि मुलं शाळेत येईनात तेव्हा शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली. पुढे कोसबाडला तर ती गुरं राखणाऱ्या मुलांच्या मागे कुरणात गेली.

2 ऑक्टोबर 1975 रोजी, गांधीजयंतीच्या दिवशी, देशात एकात्मिक बालविकास सेवा योजना 33 प्रकल्पांपासून सुरू झाली आणि अंगणवाडी गावोगाव पोचली. पोषण, लसीकरण, वजनाची नोंद हे तिचं मोठंच काम आहे, आणि त्यापायी असंख्य मुलं जगली. मात्र सेवाग्रामचा वाफा आणि बोर्डीचे शिंपले नोंदवह्यांच्या ओझ्याखाली मागे पडले, याचं वाईट वाटतं. सेविकेकडे तेवढा वेळच उरत नाही.

सेवाग्रामात 2005 पासून आनंद निकेतन ही नई तालीमची शाळा पुन्हा उभी आहे, मराठी माध्यमाची, बालवाडीसकट. तिथली मुलं शेतात राबतात, सूत काततात, स्वयंपाक करतात, आणि स्वयंपाकघरातलं मोजमाप गणिताच्या तासाला येतं. पुलगावहून ती जेमतेम तासाभराच्या वाटेवर आहे, आणि कापूस तर पुलगावच्या शिवारातही पिकतो.