चित्रांतली कुस्ती

गुरुजी, मुलांसाठी कुस्तीचं चित्रपुस्तक करायचं झालं, तर पहिल्या पानावर गदा नको. तालमीतला हौदा काढा. तांबड्या मातीत ताक, तेल, लिंबू, हळद कालवणारी पोरं दिसू द्या. पुढं जत्रेतली रेवड्यांवरची कुस्ती.

आणि गोष्ट? कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांची घ्या. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले. मातीतल्या गड्याला गादीची सवय कुठली! १९५२ साली हेलसिंकीला जायचं, तर पैसा नाही. लोकांनी वर्गणी काढली, प्राचार्य खर्डेकरांनी राहतं घर गहाण टाकलं. खाशाबांनी कांस्यपदक आणलं. कऱ्हाडहून मिरवणूक निघाली, तिला शंभरावर बैलगाड्या. हे चित्र मात्र दोन पानांवर पसरून काढा. एका पानात एवढे बैल मावायचे नाहीत.